खुटबावला हौसाकाकूंना माशी चावली तेव्हा

शिरूर

कोळंबी न खाणारी बाई म्हणजे आमच्या कोकणात थट्टेचा विषय. ती बाई मी. पंचेचाळीस वर्षं मी ताटभर कोळंबी खाल्ली आणि मला काहीही झालं नाही. मग सात वर्षांपूर्वी भाचीच्या साखरपुड्यात जेवून उठले, हात धुतले, आणि तळहातांना अशी खाज सुटली की मी ते भिंतीवर घासायला लागले. पंधरा मिनिटांत ओठ सुजले, घसा आवळत आला आणि मी मांडवातच कोसळले. नशिबाने मांडवात आमच्या तालुक्याच्या डॉक्टर मेधाताई पाहुण्या म्हणून आल्या होत्या आणि त्यांची बॅग गाडीत होती. त्यांनी मांडीत ॲड्रिनलिनचं इंजेक्शन दिलं म्हणून आज हे लिहिते आहे.

तेव्हापासून माझ्या खांद्याच्या पिशवीत चष्म्याची एक जुनी डबी असते. तिच्यात त्या औषधाच्या काचेच्या दोन बारीक कुप्या, दोन सिरिंज आणि कापूस. कुपी कशी फोडायची, किती औषध ओढायचं, सुई कुठे टोचायची हे मेधाताईंनी मला मोसंबीवर गिरवून घेतलं. दर वर्षी मुदत बघून मी कुप्या बदलते. डबी उघडायची वेळ मात्र सात वर्षांत कधी आली नव्हती.

घाटावर जायचं कारण अगदी वेगळं होतं. माझा घरगुती कोकमाचा उद्योग आहे. आगळ, सरबत आणि आमसुलं. आमसुलं वाळवायला ऊन लागतं, आणि मेच्या शेवटी आमच्याकडे ऊन कधी दगा देईल ते सांगता येत नाही. गेल्या मोसमात आठवडाभर ढग राहिले आणि निम्म्या मालाला बुरशी आली. मी फोनवर रडगाणं गायले तशी शालन म्हणाली, पाबळला खेड्यातल्या मुलांना हातची कामं शिकवणारी एक शाळा आहे, तिथे उन्हावर चालणारे ड्रायर बनवतात, येऊन डोळ्यांनी बघ. शालन माझी डी.एड.ची मैत्रीण, आता शिरूरला शिक्षिका. तिने तीस वर्षं बोलावलं आणि मी तीस वर्षं पुढच्या सुट्टीवर ढकललं. या फेब्रुवारीत चार दिवस काढून गेले.

पहिलं काम मी काय केलं, तर तिच्या पाहुण्यांच्या खोलीतल्या कोऱ्या चादरीवर आगळ सांडलं. पिशवीतल्या बाटलीचं बूच सैल झालं होतं. लालभडक डाग पडला. शालनने तो चार वेळा धुतला आणि शेवटी म्हणाली, असू दे, तू आल्याची खूण.

शिरूरची हवा कोरडी. दुसऱ्या दिवशी सकाळीच माझे ओठ फुटले. घोडनदीकाठी फिरायला गेलो तेव्हा इतकं मोठं आभाळ बघून मला जरा उघड्यावर पडल्यासारखं झालं. आमच्याकडे कुठूनही बघा, डोंगर आणि माड आभाळाला काठ लावतात. इथे काठच नाही. जेवणात तर सगळा कारभार शेंगदाण्याचा. भाजीत कूट, चटणीत कूट, उपासाच्या पदार्थातही कूट. मी नारळ मागितला तेव्हा शालनच्या सासूबाईंनी विचारलं, कुठल्या देवाला फोडायचाय? आम्ही नारळ रोज आमटीत घालतो हे ऐकून त्यांना आमच्या श्रीमंतीचं कौतुक वाटलं.

पाबळ, आणि परतताना सणसवाडी

पाबळची शाळा मला फार आवडली. वेल्डिंग करणाऱ्या मुली मी पहिल्यांदा पाहिल्या. ड्रायर म्हणजे काळ्या पत्र्याची, वर काच बसवलेली लांबट पेटी. आत जाळ्यांवर टोमॅटोच्या चकत्या वाळत होत्या. तिथल्या शिकवणाऱ्या मुलीने मलाच प्रश्न विचारले. कोकमाच्या सालीत पाणी किती, रसाचे हात किती वेळा देता, आंबटपणाने पत्रा गंजेल का. मी आमसुलं नेली होती. तिने एक तोंडात टाकलं, डोळे गच्च मिटले, आणि म्हणाली की जाळ्या स्टीलच्या कराव्या लागतील. आमच्या हवेत दमटपणा आहे म्हणून पंखाही बसवायला सांगितला. मेच्या आत ड्रायर येईल असं ठरलं आणि मी हलकी झाले.

परतताना आम्ही वाट वाकडी करून सणसवाडीला थांबलो, कारण शालनला तिच्या चुलतभावाला, दत्ताला, डबा द्यायचा होता. तो तिथल्या कंपनीत आहे. आठवडाभर खोली घेऊन राहतो आणि रविवारी खुटबावला घरी जातो. एका चाळीत दहा खोल्या, दहा प्रांतांतली माणसं. दत्ताच्या दाराशी त्याचा बिहारी शेजारी पिठाचे गोळे निखाऱ्यावर भाजत बसला होता. त्याने आम्हाला आग्रहाने एकेक दिला. "भाभी, घी के साथ खाना," म्हणाला, आणि दत्ताने त्याचं मराठीत भाषांतर केलं, जणू मला तेवढं हिंदी कळणार नव्हतं. आम्ही उद्या खुटबावला जातोय हे ऐकून दत्ता म्हणाला, आईला सांगा, रविवारी येतो, कांद्याचं बी बघायला.

खुटबाव

शालनची आई ती चार वर्षांची असताना वारली. तिला वाढवलं ते चुलतीने, म्हणजे दत्ताच्या आईने. त्या हौसाकाकू. तीस वर्षं शालनच्या तोंडून हे नाव मी ऐकत होते. तरी त्या समोर आल्या तेव्हा मी जरा चकित झाले. माझ्या मनात कुणी ठेंगणी, गुबगुबीत बाई होती. काकू सरळसोट उंच, पासष्टीच्या, नऊवारी खोचलेली, आणि चालणं इतकं झपाट्याचं की त्या बरोबर आहेत म्हणता म्हणता दहा पावलं पुढे गेलेल्या असत.

आम्ही दुपारी पोचलो. गावाच्या अलीकडे गुऱ्हाळ चालू होतं आणि अर्धा मैल हवाच गोड होती. रस्त्याला दोन्ही बाजूंनी ऊस. काकूंचं घर मळ्यात, दोन खोल्या आणि पुढे पत्र्याची पडवी. घरात काकू, त्यांचे यजमान तुकाआप्पा आणि दत्ताची बायको सविता. आप्पा कमी बोलणारे. त्यांनी मला कुठली, काय, इतकंच विचारलं. दापोली म्हटल्यावर मात्र काकूंनी चुलीवरची भाकरी तशीच ठेवून मागे वळून पाहिलं.

"मी आलेय की तुमच्याकडं," त्या म्हणाल्या. "चालत."

हे लोक मेंढरं पाळणारे. आता शेती आहे, विहीर आहे. पण काकूंच्या लहानपणी दिवाळी झाली की सगळा वाडा, म्हणजे अख्खा तांडा, घाट उतरून कोकणात जायचा. घोड्यावर सामान, त्यावर बांधलेल्या कोंबड्या, मागे मेंढरं आणि बायका-पोरं चालत. मला तर ते लख्ख आठवत होतं. भात कापलं की आमच्या वडिलांच्या शेतात धनगर मेंढरं बसवायचे. रात्री मेंढरं शेतात बसली की लेंडीखताने जमीन पुढच्या वर्षी दुप्पट द्यायची, आणि बदल्यात वडील त्यांना भात मोजून द्यायचे. आम्ही पोरं कुंपणाआडून घोड्याची शिंगरं बघायचो, पण त्या माणसांशी बोलल्याचं मला आठवत नाही. काकूंना आमची बाजू वेगळी आठवत होती. त्या म्हणाल्या, तुमच्याकडच्या बायका लई गोऱ्या आन् पाणी द्यायला लई लांबून हात करायच्या. त्यांनी ते रागाने सांगितलं नव्हतं, तव्यावरची भाकरी उलटता उलटता सांगितलं होतं. जेवताना बाजरीची भाकरी, हुलग्याचं माडगं आणि ठेचा होता. भाकरीवर लोण्याचा गोळा त्यांनी माझ्या ताटात जरा मोठाच घातला.

कांद्याच्या फुलांत

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू मला बियाण्याचा प्लॉट दाखवायला घेऊन गेल्या. मी असं काही कधी पाहिलं नव्हतं. कमरेएवढ्या हिरव्या दांड्या, आणि प्रत्येकीवर चेंडूएवढा पांढरा गोंडा. अर्धा एकर नुसते पांढरे चेंडू हलत होते आणि सगळ्या शेतातून एकच सूर येत होता, लांबच्या देवळातल्या वीणेसारखा. बांधावर मधमाश्यांच्या आठ निळ्या पेट्या होत्या. फुलं असेपर्यंत मधपाळ त्या इथे ठेवतो. काकूंनी समजावून सांगितलं की माशीने एका गोंड्यावरून दुसऱ्यावर जायला पाहिजे, तेव्हाच बी भरतं.

एक गोंडा त्यांनी माझ्याकडे वाकवला. पदर आणि मान यांच्यामध्ये एक माशी अडकली असावी. त्यांनी मानेवर हात मारला आणि अंगावर पाणी उडाल्यासारख्या सहज म्हणाल्या, "चावली वाटतं."

कानाखाली काळी नांगी अडकलेली दिसत होती. मी ती लगेच नखाने खरवडून काढली आणि आम्ही दोघी पेट्यांपासून लांब, घराकडे निघालो. काकू नेहमीप्रमाणे पुढे. अंगणात येऊन त्या बाजेवर टेकल्या. सविता चहा गाळत होती, शालन केस विंचरत होती. काकू उजव्या हाताने डावा तळहात खाजवत होत्या, मग डाव्याने उजवा.

मी ते पाहिलं आणि बाजेपाशी जाऊन बसले.

तळहात खाजतायत का, विचारलं तर म्हणाल्या, व्हय, लईच. मी त्यांची बाही वर केली. दंडावर लाल गांधी उठत होत्या, एकीला दुसरी लागून. मान लालभडक झाली होती. सविता कप खाली ठेवून म्हणाली की गेल्या वर्षीही माशी चावली तेव्हा असंच झालं होतं. सगळं अंग सुजलं, मग दत्ताने औषधाच्या दुकानातून गोळी आणली, आत्या, म्हणजे तिच्या सासूबाई, झोपून राहिल्या आणि सकाळी कामाला लागल्या. ती हे धीर द्यायला सांगत होती. मी मात्र ते ऐकून जास्तच घाबरले, कारण मेधाताईंनी मला सांगितलेलं होतं की एकदा असं झालं असेल तर दुसऱ्यांदा ते गोळीवर थांबेल याचा भरवसा धरायचा नाही.

तेवढ्यात काकूंचा आवाज बदलला. तोंडात गरम घास धरून बोलावं तसा. दोनदा खोकल्या. पोटात पिळवटतंय म्हणाल्या आणि घरामागे जायला उठल्या. दुसऱ्या पावलाला त्यांचे गुडघे वाकले. शालनने त्यांना धरलं.

मी म्हटलं, इथेच आडवं करा. सविताने जमिनीवर घोंगडी टाकली. मी पेंडीचं पोतं ओढून काकूंचे पाय त्यावर ठेवले. शालनने मायेने त्यांचं डोकं मांडीवर उचलून घेतलं, तर लगेच त्यांचे डोळे फिरायला लागले. डोकं खाली ठेव, म्हणून मी तिच्यावर जरा ओरडलेच. सपाट ठेवल्यावर काकूंची नजर परत जागेवर आली. श्वासाला मात्र बारीक शीळ लागली होती. मी सविताला एकशेआठला फोन लावायला सांगितला, आणि शालनला माझ्या फोनवरून मेधाताईंना.

गोठ्यातून आप्पा आले. शेजारचे महादू त्यांच्यामागोमाग. आप्पांनी एकदा बायकोकडे पाहिलं आणि महादूंना मोटरसायकल काढायला सांगितली. आरोग्य केंद्र दहा मिनिटांवर होतं. दोघांच्या मध्ये बसवून नेऊ, गाडीची वाट कोण बघतंय, असं त्यांचं म्हणणं. ते कुणालाही पटण्यासारखंच होतं. मला स्वतःला काही झालं नसतं तर मीही हेच म्हटलं असतं.

"आप्पा, त्यांना उठवून बसवलं तर त्या वाटेतच जातील," मी म्हटलं.

आप्पा माझ्याकडे बघत राहिले.

"तुमी डाक्टर हाय का?"

"नाही. पण मला हेच झालं होतं."

त्यांनी महादूंना हाताने थांबवलं.

मी डबी उघडली. सात वर्षं मनात घोकलेलं सगळं आता करायचं होतं, आणि समोर मोसंबी नव्हती. खरं सांगते, त्या क्षणी एक विचार आला की हे औषध माझ्या नावावर आहे, ह्या बाईचं वय पासष्ट, काही वाकडं झालं तर मी परकी. कोण मला जाब विचारणार नाही? तेवढ्यात शालनने फोन माझ्या कानाशी धरला. मेधाताईंनी दोन प्रश्न विचारले, श्वास कसा आहे आणि शुद्ध आहे का. मी सांगितलं. त्यांनी एवढंच सांगितलं: "अर्धा एमएल. मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मधोमध. आत्ता. विचार करू नकोस."

कुपीची मान मोडताना काच माझ्या अंगठ्यात गेली. ते मला नंतर कळलं. सिरिंजमध्ये अर्ध्याच्या रेघेपर्यंत औषध ओढलं. नऊवारीचे इतके पदर होते की कापडावरून टोचायचा धीर झाला नाही. सविताने निऱ्या बाजूला केल्या. महादू केव्हाच कुंपणापाशी गेले होते. आप्पांनी आमच्याकडे पाठ फिरवली आणि पागोट्याचा शेव दोन्ही हातांत धरून ते तसेच उभे राहिले. मी सुई सरळ आत घातली, औषध सोडलं, आणि सविताला वेळ लिहून ठेवायला सांगितली. तिने दहाला वीस कमी असं तळहातावर पेनाने लिहिलं.

मग वाट पाहणं.

त्या पाच-सहा मिनिटांत मळ्यावरची माणसं जमली. कुणी लोखंड घासायला आणलं, कुणी चुना. एका बाईंनी लिंबू-साखरेचं पाणी आणलं. सगळी प्रेमाने. मी लोखंड-चुन्याला हरकत घेतली नाही, फक्त वेळ त्यात घालवू नका म्हटलं. पाणी मात्र तोंडाला लावू दिलं नाही. सविता गेल्या वर्षीच्या गोळ्यांची पट्टी घेऊन आली. ही गोळी अंगाची खाज कमी करते, श्वास आणि नाडी सांभाळत नाही, हे मी तिला सांगितलं तेव्हा ती पट्टी हातात घट्ट धरून बसली.

काकूंचा हात थंड आणि ओला होता. त्यांनी तीनदा उठायचा प्रयत्न केला. मला जरा उठू द्या, म्हणत होत्या. मी दर वेळी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचे, काकू, उठू नका. एकदा उलटी झाली तेव्हा त्यांना कुशीवर वळवलं आणि मग परत पाठीवर. फोनवर मेधाताई होत्याच. पाच मिनिटांत फरक नसेल तर दुसरी कुपी तयार ठेव, म्हणाल्या. मी ती हातात घेऊन बसले होते. पण हळूहळू शीळ बारीक होत गेली. ओठांवर रंग आला. काकू पुटपुटल्या की काळीज लई धडाडतंय. ते ऐकून शालन रडायला लागली आणि मला मात्र बरं वाटलं, कारण औषध लागू पडलं की तसंच होतं. मला झालेलं मला आठवत होतं.

दौंडच्या वाटेवर आणि दवाखान्यात

गाडी येईपर्यंत काकू इतक्या सावरल्या होत्या की त्यांना आता गाडीच नको होती. आता बरं हाय, कशाला लोकांना तरास, असं त्या म्हणायला लागल्या. आप्पांच्याही तोंडावर तेच दिसत होतं. मी म्हटलं की ह्या औषधाचा जोर थोड्याच वेळात उतरतो, आणि हे दुखणं काही तासांनी परत फिरून येऊ शकतं. तेव्हा त्या इथे मळ्यात असता कामा नयेत. आप्पांनी थोडा विचार केला आणि काकूंची पिशवी स्वतः भरली. काकूंना आडव्याच उचलून आत नेलं. गाडीतल्या डॉक्टरांनी इंजेक्शन किती वाजता दिलं ते विचारलं. सविताने तळहात पुढे केला. मी रिकामी कुपी त्यांच्या हातात दिली.

दौंडच्या दवाखान्यात काकूंना सलाइन लावलं, प्राणवायू दिला, पायथ्याशी पलंग उंच केला. दुपारी एकच्या सुमाराला त्या उशीला टेकून गप्पा मारत होत्या आणि घरी सोडा म्हणून नर्सबाईंच्या मागे लागल्या होत्या. म्हशीची धार कोण काढणार? म्हैस दुसऱ्या कुणाला कासेला हात लावू देत नाही म्हणे. आप्पाही म्हणाले, संध्याकाळपर्यंत गेलो तर बरं. तिथले डॉक्टर तरुण होते, पण ठाम. उद्या सकाळपर्यंत इथेच, म्हणाले.

दोन वाजून गेले होते. मी खिडकीशी बसून अंगठ्याला पट्टी बांधत होते. काकू बोलता बोलता थांबल्या. त्यांनी हळूच तळहात चादरीवर घासला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी त्यांच्याकडे. कुणी काही बोलायच्या आत मी नर्सबाईंना हाक मारली. गांधी परत उठत होत्या, घशात तीच शीळ. ह्या वेळी मिनिटभरात सुई टोचली गेली. मला फक्त बाजूला उभं राहायचं होतं, आणि मी सकाळपेक्षा जास्त घाबरले. हाताला काम नसलं की भीतीला जागा मिळते. आप्पा भिंतीला टेकून उभे होते. पंधरा मिनिटांनी काकूंचा श्वास जागेवर आला तेव्हा ते बाहेर गेले. परत आले ते दोन चहा घेऊन. एक माझ्या हातात दिला आणि बाकावर माझ्या शेजारी बसले. त्यांनी कप रिकामा केला. मग म्हणाले, "तुमचं ऐकलं नसतं तर ह्या वख्ताला आमी घरी असतो."

दत्ता सणसवाडीहून कंपनीच्या कपड्यांतच आला. गळ्यातलं ओळखपत्रही काढायचं सुचलं नव्हतं. गेल्या वर्षी गोळी मीच आणली होती, हे तो डॉक्टरांना दोनदा म्हणाला. डॉक्टरांनी त्याला दोष दिला नाही. तेव्हा दवाखान्यात आणलं असतं तर तेव्हाच कळलं असतं, आता कळलंय ते नीट लक्षात ठेवू, असं म्हणून त्यांनी त्याला शेजारी बसवून सगळं समजावलं. काकूंच्या अंगाला माशीचं विष सोसत नाही. औषध कायम जवळ ठेवायचं. चावली तर आधी टोचायचं, मग गाडी बोलवायची, आणि उठवायचं नाही. पुण्याच्या तज्ज्ञांना दाखवायला चिठ्ठी दिली.

त्या दिवशी मी निघणार होते. राहिले.

परत मळ्यात

दुसऱ्या दिवशी काकूंना घरी आणलं. वाटेत दौंडलाच कुप्या आणि सिरिंज घेतल्या, आणि मी माझ्यासाठीही एक घेतली. सविताने बाजारात मोसंबी बघून स्वतःच गाडी थांबवायला सांगितली.

ती मला आधी म्हणाली होती की तिला सुई बघवतसुद्धा नाही, म्हशीला लस टोचताना ती गोठ्याबाहेर थांबते. पण घरात दुसरं कोण? दत्ता आठवडाभर सणसवाडीला, आप्पांचे हात थरथरतात. पडवीत बसून तिने पहिली सुई इतकी हळू टोचली की मोसंबी घरंगळून खाली पडली. दुसऱ्यांदा तिने ती गुडघ्यांत धरली. पाचव्या मोसंबीला तिचा हात बसला. कुपीऐवजी आम्ही पाण्याची बाटली वापरली, अर्ध्याच्या रेघेपर्यंत ओढायचं, हवा काढायची, सरळ टोचायचं. आप्पा लांबून बघत होते. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं की माझ्या हाताला जमंल का. सविताने त्यांना जागा करून दिली. त्यांची सुई थरथरत गेली, पण गेली. मग आम्ही ती मोसंबी पिळून टाकली, कारण ती कुणी खाईना.

पेट्यांचं काय, हा प्रश्न होताच. मधपाळाला फोन केला. तो त्याच दिवशी आला, पेट्या विहिरीपलीकडच्या बांधावर हलवल्या, आणि घराच्या बाजूला एकही ठेवली नाही. फुलं गळेपर्यंत काकूंनी प्लॉटकडे फिरकायचं नाही असं ठरलं. काकूंनी ते मान्य केलं, पण पडवीतून दिसतील तेवढे गोंडे त्या डोळ्यांनी मोजत होत्या.

निघायच्या वेळी त्या अंगणातल्या बाजेवर आडव्या होत्या. डॉक्टरांनी दोन दिवस आराम सांगितला होता. मी नमस्काराला वाकले तर त्यांनी माझा पट्टी बांधलेला अंगठा धरून ठेवला.

"मला समदं ऐकू येत व्हतं," त्या म्हणाल्या. "डोळ्याम्होरं अंधार, पन् ऐकू येत व्हतं. तू म्हनत व्हतीस, उठू नका, उठू नका."

मी म्हटलं, तेव्हा तुम्ही ऐकतच नव्हता.

त्या हसल्या. "कसं ऐकू? लहानपणी मेंढरामागं, मग घरात, मग शेतात. बाई, समदी मला उठ म्हननारी. पडून ऱ्हा म्हननारी तूच पयली."

शालन फाटकाशी थांबली होती. जीप आली होती. काकूंनी माझा हात सोडला, मला निरोप द्यायला सवयीने उठायला गेल्या, माझ्याकडे पाहिलं, आणि परत उशीवर डोकं टेकवलं.